स्टोअरकीपरचं शतक

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुबईच्या अल बर्शातल्या एका क्रिकेट अकॅडमीने माझ्या नवऱ्याकडे तो पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळल्याचा लेखी पुरावा मागितला. मुदत दोन आठवड्यांची होती. तो तिथे चार वर्षं असिस्टंट कोच होता. पुरावा दिला तर हेड कोच होणार होता, नाही दिला तर जागा बाहेरच्या माणसाला जाणार होती.

पहिल्या डिव्हिजनमध्ये तो एकच मोसम खेळला आहे. त्या मोसमातल्या एकाही स्कोअरशीटवर त्याचं नाव नाही.

इथल्या बऱ्याच कंपन्या क्रिकेट टीम ठेवतात आणि खेळाडूंना नोकरीवर घेतात. व्हिसावर हुद्दा काहीही असतो. माझा नवरा गावाकडे दोन वर्षं राज्याच्या संघात राखीव खेळाडू होता. मग इकडे आला आणि चौदा वर्षांत पाच कंपन्यांकडून खेळला. कागदोपत्री तो सेल्समन होता, टाइमकीपर होता, एकदा टाइल्स बसवणाराही होता. सकाळी ऑफिसात सही, दुपारनंतर नेट्स. स्पर्धेचा नियम एवढाच, की खेळाडूकडे त्या कंपनीचं लेबर कार्ड, म्हणजे कामाचं ओळखपत्र हवं.

तिसऱ्या कंपनीची टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये होती. तिथे गेल्यावर त्याची व्हिसा ट्रान्सफर अडकली. मोसम सुरू झाला तरी कार्ड आलं नव्हतं. मॅनेजरने शारजाच्या गोदामातल्या स्टोअरकीपरचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. दोघांचं वय सारखं, दोघांना दाढी.

"फोटो कौन देखता है, हबीबी," मॅनेजर म्हणाला.

स्टोअरकीपर केरळचा होता. त्याने कधी बॅट धरली नव्हती. दर शुक्रवारी तो कार्ड घेऊन मैदानावर यायचा आणि मॅच संपेपर्यंत तंबूत बसून सामोसे खायचा. सवय राहावी म्हणून टीममधले माझ्या नवऱ्याला त्याच्याच नावाने हाक मारायचे. नवरा बॅटिंगला निघाला की टीमचा विकेटकीपर मागून ओरडायचा, "स्टोअरकीपर, आज गोदाम खोलेगा की ताला लगा के आएगा?"

मी तेव्हा दुबईतल्या एका वर्तमानपत्राच्या क्रीडा डेस्कवर होते. कंपनी क्रिकेटचे स्कोअर टाइप करणं हे माझं काम होतं. नाव शीटवर असेल तसं घ्यायचं, हा डेस्कचा नियम. जानेवारीतल्या एका शुक्रवारी नवऱ्याने शतक केलं. त्याच संध्याकाळी शीट माझ्याकडे आली. चीफ सब-एडिटरने विचारलं, हा कोण, कधी ऐकलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही. हेडिंगमध्ये स्टोअरकीपरचं नाव गेलं. दुसऱ्या दिवशी मी ते कापून फाइलमध्ये ठेवलं. एक अंक टीममधून कोणीतरी स्टोअरकीपरला नेऊन दिला.

पुढच्या मोसमात नवऱ्याचं कार्ड आलं, पण टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली होती.

अकॅडमीचं पत्र आलं त्या दिवशी अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती फाइल जेवणाच्या टेबलावर उघडली. आमची मुलगी समोर बसली होती.

"बाबा, जस्ट टेल देम इट वॉज यू."

"सांगून काय होतंय? कागद लागतो."

"मी लिहून देते," मी म्हटलं.

"काय लिहिणार? बायको म्हणून, की पेपरवाली म्हणून?"

"देन आस्क दॅट अंकल," मुलगी म्हणाली.

स्टोअरकीपर सहा वर्षांपूर्वी केरळला परतला होता. विकेटकीपरकडे त्याचा नंबर होता. नवऱ्याने स्पीकरवर फोन लावला.

"बोलो, मेरे बॅट्समन!" तिकडून आवाज आला.

नवऱ्याने काम सांगितलं. ‘त्या मोसमात माझ्या कार्डावर हा खेळला’, एवढं लिहून सही करायची.

"हां हां, लिख देता हूँ भाई. नमूना भेजो, यल्ला, जल्दी." मग तो थांबला. "एक मिनट." दार लावल्याचा आवाज आला. आवाज खाली गेला. "भाई, वो पेपर यहाँ हॉल में फ्रेम में लगा है. बेटी क्रिकेट खेलती है. अभी जिले का ट्रायल है उसका. सबको मालूम है, बाप ने शारजा में सेंचुरी मारी थी."

"तूने? तूने तो उस दिन चार समोसे मारे थे."

"पाँच," तो म्हणाला. दोघंही हसले. "लिख दूँगा मैं. बस, इधर किसी को पता न चले."

अकॅडमी प्रत्येक हेड कोचची माहिती कात्रणांसकट वेबसाइटवर टाकते. तिथल्या मुलांपैकी निम्मी केरळची आहेत. हे स्टोअरकीपरला माहीत नव्हतं. नवऱ्याने सांगितलंही नाही.

नमुना मी टाइप केला, दोन ओळींचा. तो नवऱ्याच्या फोनवर होता. स्टोअरकीपरचा दोनदा मेसेज आला, नमूना? नवऱ्याने दोन्ही वेळा लिहिलं, इन्शाल्ला, भेजता हूँ.

"पाठवलास का?" मी मुदतीच्या आदल्या दिवशी विचारलं.

"नाही."

"पाठवणार आहेस?"

"नाही. तू पण काही लिहू नकोस."

शेवटच्या दिवशी अर्जासोबत नऊ कात्रणं गेली. सगळी खालच्या डिव्हिजनमधली, सगळी त्याच्या नावाची. शतकाचं कात्रण फाइलमध्ये राहिलं.

सप्टेंबरमध्ये नवा हेड कोच रुजू झाला. नवऱ्याकडे पूर्वीसारखीच बारा वर्षांखालच्या मुलांची संध्याकाळची बॅच आहे.

नोव्हेंबरमध्ये केरळहून फोटो आला. स्टोअरकीपरची मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली होती. ती हॉलमध्ये बॅट घेऊन उभी आहे, मागे भिंतीवर फ्रेम आहे. नवऱ्याने अभिनंदन लिहून पाठवलं.

डिसेंबरमध्ये त्याचा व्हिसा दोन वर्षांसाठी रिन्यू झाला. हुद्दा, असिस्टंट कोच.