दोन नंबर शेडचे हातमोजे

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. बाबा म्हणायचे, "उचलली जीभ लावली टाळ्याला, हिचं कामच ते." आईला काळजी होती की अशी मुलगी नोकरीत टिकायची कशी. मी टिकले, कारण कारखान्यात इंग्रजी पत्र वाचू शकणारी मी एकटी होते.

कारखाना खाजगी होता. पितळेच्या आणि लोखंडाच्या वस्तूंवर मुलामा चढवायचं काम तिथे चाले, आणि मी स्टोअर सांभाळत असे. दोन शेड होत्या. एक नंबरमध्ये दाराच्या मुठी आणि कड्या चकचकीत होऊन युरोपात जायच्या. दोन नंबरमध्ये हूक, बकल, बोल्ट असला किरकोळ माल व्हायचा आणि तो शहरातल्याच एका सरकारी कारखान्यात जायचा, तिथून फौजेला. त्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली आणि दोन नंबरचं काम दुपटीने वाढलं. जबलपूर फौजेच्या कारखान्यांचं शहर, इथे लढाई अशीच कळते. रेडिओवर बातमी यायच्या आधी घरातल्या माणसांच्या ड्युट्या बदललेल्या असतात.

दोन्ही शेडमध्ये टाक्या सारख्याच होत्या आणि त्यातला तेजाबही सारखाच. पण एक नंबरच्या छताला वाफ ओढून घेणारे पंखे होते, कामगारांना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे होते, आणि टाक्यांचं पाणी चुन्याच्या हौदातून निवळून मगच बाहेर सोडलं जाई. दोन नंबरमध्ये यातलं काही नव्हतं. तिथलं हिरवट-पिवळं पाणी सरळ मागच्या नाल्यात जायचं. तिथे अकरा बाया काम करायच्या, सगळ्या उघड्या हातांनी.

हा फरक कुठून आला ते मला पक्कं माहीत होतं, कारण तो कागद मीच सेठजींना वाचून दाखवला होता. तिकडच्या देशांनी आपल्याशी व्यापाराचा करार करताना ठरवलं होतं की, माल बनवणाऱ्यांच्या जिवाला आणि आसपासच्या पाण्याला अपाय होत नसेल तर त्या मालाला जकातीत सूट मिळेल. तिकडच्या खरेदीदाराने त्यावरून अटींचा कागद करून पाठवला. सेठजींनी दोन महिन्यांत पंखे, हातमोजे, हौद, सगळं उभं केलं. मला आनंद झाला. मग कळलं की अटी फक्त तिकडे जाणाऱ्या मालापुरत्या होत्या. खरं सांगते, मला आपलीच लाज वाटली. आपल्या फौजेच्या बकलांना हात लावणारे हात आपल्याला जपावेसे वाटले नाहीत, परक्यांच्या दाराच्या मुठींना लावणारे जपले.

बाबा तोफांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. एकाहत्तरच्या लढाईत ते भट्टीवर होते. "बारा-बारा तास काम होतं," ते सांगायचे, "खिडक्यांना काळे कागद लावलेले. पण भट्टीवाल्याला धुरावर उतारा म्हणून मिळणारा गूळ एक दिवस चुकला नाही, अन् बूट-हातमोज्यांशिवाय कोणाला आत सोडलं नाही. साहेब देव नव्हते बापा. आम्ही भांडलो होतो त्याच्यासाठी, लढाईच्या कितीतरी आधी."

दोन नंबरमध्ये जी बाई मधल्या टाकीवर होती ती आमच्याच गल्लीतली काकू. तिचे यजमान बाबांच्या बरोबरीचे. ते गेल्यावर काकू कामाला लागली. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती एकदा आमच्याकडे आली, तेव्हा आई कणीक मळत होती. काकू सवयीने म्हणाली, "दे, मी मळते," आणि परातीत हात घालताच तिने तो झटकन बाहेर ओढला. कणकेतल्या मिठाने तिचे डोळे भरून आले होते. बोटांच्या पेरांवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पडली होती. आत लाल आणि कडा पांढऱ्या.

"डॉक्टर म्हणते हात झाका नाहीतर काम सोडा," काकू म्हणाली. "काम सोडून खाऊ काय? अन् झाकू कशानं? फडकं बांधते तर ते तेजाबात भिजून अजून चावते."

हातमोज्यांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवशी मी सेठजींना विचारलं. त्यांनी गोड हसून सांगितलं, "बिटिया, वो एक्सपोर्ट का सामान है। इधर का उधर नहीं होता।" मी आणखी दोनदा विचारलं, दोनदा तेच ऐकलं. आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण काहून करून राहिली तू?" मी म्हटलं, अवलक्षण काकूच्या हातावर उमटलंच आहे, आणखी काय व्हायचं राहिलं.

मग खरेदीदाराचा माणूस पाहणीला आला. उंच, घामाघूम झालेला, सभ्य माणूस. दोन नंबरच्या फाटकावर त्या दिवशी ताडपत्री ओढली होती. त्याने एक नंबरचे पंखे बघितले, हौदाचं पाणी बाटलीत घेतलं, एका कामगाराचे हातमोजे उलटेपालटे करून पाहिले. मी वह्या घेऊन मागे चालत होते. सेठजी चहा सांगायला वळले तेवढ्यात मी त्याला माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगून टाकलं की इथे अजून एक शेड आहे, तीसुद्धा बघा.

त्याने थांबून मला नीट ऐकून घेतलं. मग हातातली यादी बघितली आणि म्हणाला की त्या शेडचा माल आमच्याकडे येत नाही, त्यामुळे मला ती बघता येणार नाही. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. पण वाईट वाटून तो चहा पिऊन गेला.

घरी येऊन मी भांडी आपटली. बाबांनी थोडा वेळ आपटू दिली. मग म्हणाले, "तो येऊन करेल असं वाटलं होतं तुला? त्याच्या देशाचं तो बघून राहिला. आपलं आपल्याला बघा लागते ना." मला तेव्हा ते बोलणं आवडलं नाही. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं, आणि सकाळी मी ठरवलं की आता विचारायचं नाही.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. आमच्या शहरात या दिवशी एकही यंत्र चालत नाही. कारखान्यातलं प्रत्येक हत्यार धुऊनपुसून मांडतात, पंडितजी त्याला कुंकू लावतात, लाल धागा बांधतात. पूजेनंतर ज्याचं त्याने आपलं हत्यार उचलायचं. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार ज्याच्या नावाचं, त्याच्याकडून ते कोणी काढून घेत नाही. मालकही नाही. मला एवढंच हवं होतं.

मी कपाट उघडलं, हातमोज्यांचे अकरा नवे जोड काढले आणि भर उजेडात, सगळ्यांच्या देखत अंगणातून नेऊन पूजेत मांडले. पान्हे, चिमटे, जाळ्या, आणि त्यांच्या शेजारी अकरा जोड. पंडितजींनी क्षणभर बघितलं, मग प्रत्येक जोडाला कुंकवाचं बोट लावलं. सेठजी हात जोडून समोर उभे होते. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही, पण आरती चालू होती. आरती संपल्यावर मी मोठ्याने म्हटलं, "दो नंबर की दीदी लोग, अपना-अपना औजार उठा लो।" बायांनी जोड उचलले. काकूने ते डोक्याला लावले.

नंतर सेठजींनी खोलीत बोलावलं. "कारखाना मैं चलाऊँ कि आप?" मी म्हटलं, आप ही चलाइए, और चिट्ठी भी आप ही पढ़िए. टेबलावर तीन परदेशी पत्रं न फोडलेली पडली होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

मी मोठी लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात दुसऱ्या दिवशी दोन नंबरमध्ये गेले. अकराच्या अकरा बाया उघड्या हातांनी काम करत होत्या. हातमोजे कुठे आहेत म्हणून विचारलं तर काकू निवांतपणे म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवले ना बाई."

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी बाबांना घेऊन तिच्या घरी गेले. खरंच, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे लाल धागा बांधलेले काळे रबरी हातमोजे उभे होते. समोर दोन झेंडूची फुलं.

"अशी काहून चिडून राहिली?" काकू म्हणाली. "कुंकू लागलेली वस्तू तेजाबात बुडवू का? पाप लागते."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. "वहिनी, आमच्याकडे दर दसऱ्याला तोफेला कुंकू लावायचे. हार घालायचे, आरती करायचे. मग ती काय देव्हाऱ्यात ठेवत होते?"

काकूला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. "हे असते तर हेच म्हणाले असते, भावजी," ती यजमानांच्या फोटोकडे बघून म्हणाली. तिने देवाला नमस्कार केला, हातमोजे काढले आणि पिशवीत ठेवले. सकाळी शेडमध्ये पोचल्यावर उरलेल्या दहाजणींना तिने तोफेची गोष्ट सांगितली. मी सांगितली असती तर कोणी ऐकली नसती.

दोन महिन्यांत हातमोजे फाटले. सेठजी नवे देईनात. तेव्हा एका सकाळी अकरा बाया शेडच्या बाहेर हात मागे बांधून उभ्या राहिल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. माल न्यायला आलेला सरकारी कारखान्याचा ट्रक फाटकात उभा होता. दुपारपर्यंत हातमोजे आले. पुढच्या उन्हाळ्यात पंखेही असेच आले. हौदापर्यंत पाट खणायला तेवढं आणखी एक वर्ष लागलं. काकूची भोकं भरली. पांढरे डाग राहिले, पण कणीक मळता येऊ लागली.

मग युरोपचं पत्र आलं. तेही मीच वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्या कुठल्या देशाशी नवा करार केला होता, तिकडून मुठी स्वस्त पडत होत्या, आमच्याशी व्यवहार संपला. एक नंबरमध्ये आता इथल्याच बाजाराचा माल बनू लागला. गरज सरो, वैद्य मरो. पंख्याची मोटर जळली ती कोणी भरून आणली नाही. हौदातला चुना संपला. हातमोज्यांचा पुढचा गठ्ठा आलाच नाही. एक नंबरचे पुरुष आधी फाटक्या हातमोज्यांनी काम करत होते, मग उघड्या हातांनी करू लागले. त्यांना ते कधी मागावे लागले नव्हते, म्हणून कसे मागायचे तेही माहीत नव्हतं.

डब्याच्या सुट्टीत काकू त्यांच्याकडे गेली. एकाच्या बोटावर नुकतंच भोक पडलं होतं. त्याने खांदे उडवले, "क्या करें दीदी, वो कागज ही चला गया।"

काकूने आपले दोन्ही पंजे त्याच्यासमोर धरले. "कागज गया तो गया। हाथ तो यहीं हैं ना, भैया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकातून आत आले तर अंगणात एक नंबरचे सगळे कामगार हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या शेजारी अकरा बाया. बायांच्या शेडमध्ये त्या दिवशी हातमोजे होते, पंखे होते, काहीही कमी नव्हतं. सेठजी दारात आले आणि त्यांनी सवयीप्रमाणे माझ्याकडे बघितलं, मी सगळ्यांची समजूत घालीन म्हणून.

मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, अंगणात परत आले आणि हात मागे बांधले. काकूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त थोडी सरकून तिने मला जागा करून दिली.