मनगटावरचा रुमाल

रुमाल पांढरा होता, इस्त्रीचा. मी हात पुढे केला आणि त्या बाईंनी तो आधी माझ्या मनगटावर टाकला. मग त्यावर स्वतःचं मनगट टेकवलं.

"घाम असतो ना," म्हणाल्या.

घाम! सकाळची वेळ, आषाढातला गार वारा, इंदिरानगरची बाग. मला कुठला आलाय घाम? आदल्या आठवड्यापर्यंत हाच हात त्यांना चालत होता. त्यांचा आखडलेला खांदा ह्याच हातांनी मोकळा केला होता मी.

मी ताई ची, ती चिनी युद्धकला, शिकवते. त्यात एक सराव असा असतो, की दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि मनगटाला मनगट लावायचं. समोरच्याचा जोर कुठून येतोय ते कातडीला कळलं पाहिजे. मध्ये कापड चालत नाही. बाहीसुद्धा वर सारायची. हे मला ह्याच बागेत वर्ग घेणाऱ्या सरांनी शिकवलं.

नाशिक रोडला शाळेत होते तेव्हा मी कराटे करायचे. गुडघा गेला आणि सगळं सुटलं. घरात नुसती बसून होते, तेव्हा सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "हे सावकाश असतं, तुला जमेल." बाबा चिडवायचे, "एवढ्या सावकाश हात उचलून मारणार कोणाला गं? तो चहा पिऊन येईल तोवर!" मी हसायचे. पण पहाटेची बस कधी चुकवली नाही. सर माझं मनगट धरून म्हणायचे, "बाळ, खांदा सोड." वर्षानुवर्षं धरलं त्यांनी हे मनगट. बाबा गेल्यावर मला वाटायचं, एक बाप अजून आहे.

शिकवायला लागले तेव्हा सर म्हणाले, "नुसतं नाव सांगत जा. आडनाव कशाला?" मला तो त्यांचा मोठेपणा वाटला. वेडीच मी.

त्या गुरुपौर्णिमेला सर वर्ग माझ्या हाती देणार होते. आमच्याकडे रीत अशी, की नव्या शिक्षकाने सगळ्यांसमोर एकेकाच्या मनगटाला मनगट लावायचं. मग वर्ग त्याचा. आईला ते बघायचं होतं. आमची ती धम्माची पौर्णिमा, बुद्धांनी पहिला उपदेश दिला तो दिवस. आई पांढरी साडी नेसून खिरीचा डबा घेऊन आली. हात जोडून सगळ्यांना म्हणाली, "जय भीम." सरांना तर वाकून म्हणाली.

बस्स. एवढंच झालं.

रांग लागली. पहिल्या त्या बाई आल्या, रुमाल घेऊन. त्यांच्या मागचे काका म्हणाले, "तो रुमाल जरा मलाही द्या." तिसऱ्याला नेमका फोन करायचं आठवलं. मी सरांकडे बघितलं. सर बुटाची नाडी बांधत होते.

"सर, मध्ये कापड चालतं का?" मी विचारलं.

ते जवळ आले. हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. जोर आला की वाट द्यायची, हेच शिकलो ना आपण? वर्ग तुझाच आहे. हा सराव तेवढा वगळ."

बाईंचं मला नवल वाटलं नाही. असली माणसं मी खूप बघितलीत. पण सर! काळीज फाटलं माझं. ज्या विद्येनं मला पुन्हा उभं केलं, तीच त्यांनी मला गप्प करायला वापरली.

मी रुमाल उचलला. घडी घातली. बाईंच्या हातात दिला.

"असा वर्ग मला नको, सर."

रडत होते मी. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. लपवलं नाही.

खिरीचा डबा कोणी उघडलासुद्धा नव्हता. बसमध्ये आईने तो मांडीवर धरला होता. द्वारका चौक गेल्यावर तिने विचारलं, "साखर लय पडली का गं?" तिला सगळं कळलं होतं. तरी तिने तेच विचारलं. मी डबा माझ्या मांडीवर घेतला.

सरांचा अजून फोन येतो. "किती ताणशील? सगळे वाट बघतात तुझी." मी ऐकून घेते. खांदा सोडताना आजही त्यांचाच आवाज कानात येतो, आणि तो नकोसा होतो. पण विद्या मी टाकली नाही. घाम माझा, गुडघा माझा, पहाटेच्या बसही माझ्या.

आता नाशिक रोडला विहाराच्या मागच्या अंगणात शिकवते. फलकावर पूर्ण नाव आहे, आडनावासकट. कोणीही यावं. त्या बाईंनीही यावं. रुमाल घरी ठेवायचा, बाही वर सारायची आणि माझ्या मनगटाला मनगट लावायचं. त्याशिवाय मी कोणाला एक पाऊलही शिकवणार नाही.

सर आले तरी हाच नियम.