परसातला भुईचाफा

रोह्याच्या आमच्या शेजारच्या बेने इस्रायली मावशी कायमच्या इस्रायलला निघाल्या, तेव्हा माझ्या परसात भुईचाफ्याचे कंद लावून गेल्या. पाय मुरगळला की त्या याच कंदाचा लेप लावायच्या. "दिवाळीनंतर पानं जातील, वर काय दिसायचं नाय. चैत्रात नुसत्या मातीतून फुलं येतात. उकरू नको गो," म्हणाल्या.

दोन वर्षं फुलं आली. तिसऱ्या हिवाळ्यात जागा रिकामी दिसली म्हणून मी मूर्खासारखं तिथे कोबा घालून घेतला. आठवण झाली ती थेट चैत्रात.

मावशी दर पत्रात विचारायच्या, फुलं आली का? मी लिहायचे, आली.

शेवटच्या पत्रात अक्षर त्यांच्या मुलीचं होतं. आईला आता दिसत नाही, वासासाठी एक फूल पाकिटातून पाठवशील का?

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.