चुलतीचे मोकळे हात

परवा केजच्या बाजारात कासाराच्या हातून बांगडी फुटली आणि त्या आवाजानं मला चुलती आठवली. काही वर्षांमागं चुलता मेंढरं घेऊन धारूरच्या डोंगराकडं गेला होता. घाटात जीप उलटून तो मेल्याची बातमी त्याच्या फोटोसकट मोबाईलवर फिरली. त्याचा फोन लागत नव्हता, तरी चुलती म्हणाली, "मोबाईलवर लोक कायबी टाकतेत." सकाळी पेपरात तोच फोटो आला. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून जमलेल्या बायांपुढं शाईचा वास येणारं ते पान मी मोठ्यानं वाचलं. "छापून आलंय म्हणल्यावर खरंच हाय," म्हणत एका म्हातारीनं चुलतीचे हात उंबऱ्यावर आपटून बांगड्या फोडल्या. दिवस मावळताना मेंढरं अंगणात शिरली आणि मागून चुलता. "कावून रडायल्या गं समद्या?" चुलतीनं हात पदराखाली लपवले. पेपरवाल्यानं कुणालाही न विचारता मोबाईलवरचंच उचलून छापलं होतं. चुलता आजही मेंढरं राखतो, चुलतीच्या हातात हिरवा चुडा असतो. पण मी काहीही वाचायला घेतलं, की तिचे हात आपोआप पदराखाली जातात.