छावणीच्या फाटकावरचं गिधाड

वैशाखातला शनिवार, सकाळ. जागा: चारा छावणीचं फाटक. हजर: दूध सोसायटीचे चेअरमन, वरच्या गावचे एक संचालक, खालच्या गावचे एक, रंगाचे डबे घेऊन माझी मुलगी, सचिव म्हणून मी, आणि न बोलावता आलेली एक मावशी. तिची गाय आत आजारी होती, म्हणून तिलाही हजर धरलं.

विषय एकच, फाटकावरचं चित्र.

ते मीच काढून घेतलं होतं. पाऊस लागोपाठ हुकल्यावर नेकनूरकडच्या आमच्या दोन गावांनी जुनी भांडणं बाजूला ठेवून एक सोसायटी केली आणि सोसायटीने ही छावणी उघडली. फाटकाच्या पत्र्यावर नुसतं नाव नको, राखणीचं काहीतरी काढ, असं मी मुलीला सांगितलं. ती बीडला चित्रकला शिकत होती. तिने पुस्तकात बघून जुन्या इजिप्तच्या दोन देवी काढल्या. उत्तरेला, नदीच्या मुखाकडच्या मुलखाची नागीण, वाजेत. दक्षिणेच्या मुलखाची गिधाड, नेखबेत. दोन्ही मुलूख एक झाल्यावर राजाने दोघींना कपाळावर शेजारी शेजारी बसवलं. नागीण शत्रूवर आग फुंकते, गिधाड राजावर पंख धरतं. "दोन गावं, एक सोसायटी. याहून बरी खूण कोणती, आई?" मला पटलं.

चित्र झालं त्याच संध्याकाळपर्यंत नागिणीला हळदकुंकू लागलं. गिधाडाखालून मात्र कुणी जनावर नेईना. माणसं बाजूची तार वाकवून बैल आत घालायला लागली. सगळ्यात आधी तार वाकवली ती मावशीनेच.

म्हणून शनिवारची ही बैठक. चेअरमन म्हणाले, "नाग ऱ्हाऊ द्या, नाग आपला हाय. पन जनावरं मरायला लागल्यात आन् दारात गिधाड? कावून काढलं हे?"

"राजाच्या डोक्यावर बसतंय म्हनं," खालच्या गावचे संचालक म्हणाले. "चेअरमनच्या टोपीवर काढाया पायजे व्हतं."

"गप बस बे," वरच्या गावचे म्हणाले. "टोपी तरी कुठं धड हाय त्यांची."

मुलगी म्हणाली, "काका, त्यांच्या लिपीत आई लिहायला गिधाडच काढायचे."

चेअरमन खाली बघून हसले. "पोरी, हितं कोन वाचनार हाय ती लिपी?"

ठरलं: गिधाडावर चुना मारायचा, नागीण ठेवायची. मी लिहून घेत होते तेवढ्यात मावशी बोलली.

"नका पुसू."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"पंख धरती म्हनली न्हवं पोरगी? माझी गाय बसलीय, उटत न्हाई. धरू द्या की पंख."

"मावशे, ते राजासाठी असतंय," चेअरमन म्हणाले.

"मंग राजाच्या गाया कोन राखीत व्हतं?"

दुपारी चुना लागला.

मावशी एकटीच राहायची. गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. वासरू झालं की दूध सोसायटीत घालायचं आणि त्यावर घर चालवायचं, एवढाच तिचा हिशेब. दुसरं जनावर नव्हतं. रोज सकाळी आम्ही गाईच्या पोटाखालून पोती घालायचो आणि बांबू लावून चौघं-पाचजण तिला उचलायचो. धरलं तोवर उभी राहायची. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, नुसत्या उसाच्या वाढ्यावर, शेंड्याच्या पाल्यावर, गाभण जनावर तग धरत नाही. कडबा मागवला. तो यायच्या आत गाय गेली, पोटातल्या वासरासकट.

आमच्याकडे मेलेलं जनावर गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकतात. ट्रॅक्टरने ओढत नेलं. मावशी काठी घेऊन मागोमाग गेली आणि लांब दगडावर बसली. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती कुत्री हाकलत होती. मधूनच वर बघत होती.

"मी नवी नवरी व्हते तवाच्या दुष्काळात आभाळ काळं व्हायचं गिधाडांनी," ती म्हणाली. "दुपारपातुर सारं साफ. वास न्हाई, कुत्री न्हाईत. येतील आता."

मी डॉक्टरांकडून ऐकलेलं तिला सांगितलं. दुखण्यावर जनावरांना एक इंजेक्शन देत होते. ती जनावरं मेली की गिधाडं खायची आणि त्यानेच मरायची. आपल्याकडे आता एकही उरलेलं नाही.

तिने जवळ आलेलं एक कुत्रं काठीने हाकललं.

"म्हंजी चुना आपन लई आदीच मारलाय," म्हणाली.

मग खड्डा करायचं ठरलं. खोदायचं मशीन उमापूरकडे तलावातला गाळ काढायला गेलं होतं. दोन माणसं लावली, पण वीतभर मातीखाली मुरूम लागला आणि कुदळ वाकडी झाली. मशीन आलं की बघू, असं चेअरमन म्हणाले. मावशीने दोन दिवस राखण केली. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि कुत्र्यांना मोकळं रान मिळालं.

बरी झाल्यावर तिने माळावरून सापडतील तेवढी हाडं गोळा केली, खताच्या रिकाम्या पोत्यांत भरली आणि सोसायटीच्या गोदामात आणून ठेवली. त्यात काही फार लहान होती.

"खड्डा झाला की सांग," एवढंच म्हणाली.

पुढे पाऊस झाला, छावणी उठली, मावशीही गेली. फाटकाचा पत्रा गोदामात भिंतीला टेकवून ठेवलाय. नागिणीच्या शेजारी चुन्याचा डाग आहे. त्याच्यामागे ती पोती. दर वर्षी गोदाम झाडताना मी ती उचलून बाजूला ठेवते आणि परत जागेवर लावते. खड्डा अजून व्हायचाय.