मुरबाडवाली

"मुरबाडवाली पिसाळलीय गो! धरून पाण्यात बुडव, येईल ताळ्यावर."

हे मी ऐकावं असं कुणाच्या मनात नव्हतं. मी मागच्या दारी भांडी घासत होते आणि पुढच्या पडवीत शेजारच्या हिराकाकू माझ्या सासूबाईंना सल्ला देत होत्या. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. शेणव्याजवळच्या या गावात मला नावाने कुणी हाक मारत नाही. मी मुरबाडची, म्हणून मुरबाडवाली. हातातलं पातेलं हातातच राहिलं. काल डाळीत मीठ जास्त झालं होतं हे खरं, पण पिसाळण्यासारखं मी काय केलं?

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बुडवीन गो, पण चावली तर?"

"चोच बांध ना!"

तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. चोच मला नाही!

असे किस्से या घरात जमायला वेळ लागत नाही. आणि जो फार बोलत नाही त्याच्याकडे तर ते साठतच जातात, कारण तो कुणाला सांगून संपवत नाही. माझ्याकडे आता ढीग झालाय, आणि सगळे त्या दुसऱ्या मुरबाडवालीचे.

* * *

दुसरी मुरबाडवाली म्हणजे आमची तांबडी कोंबडी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत निघाले, तेव्हा आईने ती पिशवीत घालून दिली होती. डोकं तेवढं बाहेर. शहापूरपर्यंत ती खिडकीतून बघत आली, माझ्यापेक्षा निवांत.

एका घरात एका नावाच्या दोघी झाल्यावर जे व्हायचं ते झालं. "मुरबाडवालीला दाणे टाकले का रे?" असं सासरे विचारायचे, तेव्हा मी समोरच भात खात बसलेली असायचे.

पण दोघींचं नाव चांगलं होतं. गरीब आहेत, आवाज नाही, असं. ती बिघडली तेव्हा मात्र सासूबाई म्हणाल्या, "मुरबाडचं पाणीच तसलं असंल." म्हणजे आता ती जे करील ते माझ्या माहेराच्या नावावर!

* * *

ती बिघडली त्या दुपारी वावटळ आली होती. पडवीतली निळी ताडपत्री उडाली आणि अंगणात पसरली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती पुन्हा उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग आमचा कुत्रा येऊन मध्यभागी आडवा झाला.

इकडे कोंबडी सापडेना. सासूबाईंनी बोरीची झुडपं पालथी घातली, मी गवताची गंजी बघितली, हिराकाकूंनी तर बाऊल घेऊन गेला म्हणून सांगूनही टाकलं. रानमांजराला आमच्याकडे बाऊल म्हणतात आणि हरवलेली प्रत्येक कोंबडी त्याच्याच नावावर जाते.

बाबा मात्र चहा पिता पिता एकदम उभे राहिले.

"अगं ए! ताडपत्री चालतेय!"

* * *

ताडपत्रीखालून बाहेर काढली त्या दिवसापासून ती अंगावर उडायला लागली. मान फुगवून, पंख पाडून, सरळ पोटरीवर!

हिराकाकूंचं निदान ठरलेलं होतं. "खुडूक झालीय." अंडी उबवायला बसलेली कोंबडी तिरसट होते, तिला खुडूक म्हणतात आणि तिला पाण्यात बुडवतात. सासूबाईंनी बादली भरली. मी बघत होते. कोंबडी हातात अगदी शांत होती. बादली दिसली मात्र, तिने सासूबाईंचा अंगठा फोडला!

बादली निळी होती.

हे त्या वेळी नुसतं माझ्या डोळ्यांत राहिलं.

* * *

मग बाबांचा नंबर. ते सकाळी निळ्या लुंगीवर दात घासत अंगणात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. घरात फोन वाजला. मी उचलला.

"सूनबाई, जरा काठी घेऊन ये."

"कुठे आहात बाबा?"

"दारातच आहे. खाटेवर उभा आहे."

* * *

आमचे हे आसनगावच्या बाजूला एका कंपनीत आहेत. तिथला युनिफॉर्म निळा. रोज संध्याकाळी गाडीवरून उतरले की हेल्मेट डोक्यावरून काढून गुडघ्यापुढे धरतात आणि तसेच वाकून घरात शिरतात. सुटीच्या दिवशी मात्र बनियनवर बसून तिला हाताने दाणे चारतात.

"बघ," मला म्हणाले, "रविवारी मी तिच्याशी प्रेमाने बोलतो ना, म्हणून. यूट्यूबवर होतं. तिला ट्रॉमा झालाय."

मी मान डोलावली. मग ते गेल्यावर अंगणातल्या खुंट्याला त्यांचा निळा टॉवेल गुंडाळला. कोंबडीने खुंट्याची सालं काढली. टॉवेल सोडून पिवळा पंचा गुंडाळला, तर ती खुंट्याच्या सावलीत जाऊन बसली.

* * *

जेवताना मी धीर केला. "आई, ते निळं..."

"निळं नाय गो, काळं!" सासूबाई म्हणाल्या. "काळी नजर लागलीय तिला. मी हिराला लिंबू उतरवायला सांगितलंय."

आणि डाळ वाढायला सांगितली. मी वाढली.

* * *

मग नणंदेला बघायला मंडळी येणार असं ठरलं. मनीषा माझ्याच वयाची, मला घरात तिचाच आधार. मुलगा कसाऱ्याकडचा, रेल्वेत. फोटो मनीषाने इतक्यांदा बघितला होता की पसंत आहे का, हे विचारायची गरज नव्हती.

सासूबाईंनी निकाल दिला, "पाहुण्यांसमोर उडाली तर त्याच दिवशी पातेल्यात. गप राहिली तर राहू दे बिचारी."

रात्री मनीषा हळूच म्हणाली, "वैनी, तिने ह्याला चोच मारली तर तुझी कोंबडी पण जाईल आणि माझा मुलगा पण."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. बाबांची लुंगी भिजत टाकली आणि भिजतच ठेवली. बादली माळ्यावर. ताडपत्री भाताच्या कणगीमागे. युनिफॉर्म मी पिशवीतून कोपऱ्यावरच्या दुकानात पोचवायचे, हे तिथे कपडे बदलायचे. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, मला लाज वाटते.

कोंबडी गाईसारखी झाली.

"लिंबू!" हिराकाकू म्हणाल्या.

* * *

मंडळी आली तेव्हा ती अंगणाच्या मधोमध दाणे टिपत होती. मी पाण्याचा ट्रे घेऊन दारात. मुलाची आई गाडीतून उतरली, कौतुकाने म्हणाली, "केवढी छान गावठी कोंबडी हो!"

सासूबाईंची छाती फुगली. "सुनेच्या माहेरची. मुरबाडवाली. दोघी फार गरीब, आवाज म्हणून नाय!"

मागून मुलगा उतरला. फोटोत होता तसाच, नवा कोरा शर्ट, इस्त्री केलेला. गडद निळा.

कोंबडीची मान फुगली. पंख खाली आले. मनीषाने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. बाबा बोलत होते, हे बोलत होते, हिराकाकू कुंपणावरून बोलत होत्या, सगळे एकदम, आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

या घरात चारचौघांत मी तोवर "हो", "नाही" आणि "वाढू का" एवढंच बोलले होते.

मी ट्रे खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"पाहुणे, आधी शर्ट काढा!"