मोटेवरची इटालियन

एकोणीसशे साठच्या आसपास पुण्याच्या ज्या कारखान्यात मी फिटर होतो, तिथं इटलीहून नवी यंत्रं आली. ती शिकायला एक माणूस सहा महिने इटलीला जाणार होता. उमेदवार दोन: मी आणि पेठेतला एक टायवाला. ज्याला तिकडची भाषा बरी बोलता येईल तो जाईल, असं साहेबानं सांगितलं. मला जायचंच होतं. आमच्या घरातल्या कुणी अजून मुंबईही धड पाहिली नव्हती, आणि त्या टायवाल्याला विमानात चढताना पाहणं मला या जन्मी सोसलं नसतं.

जुन्या बाजारातून एक पुस्तक आणलं आणि तोंडघशी पडलो. आम्हा शिरूरकडच्यांची जीभ शब्दाचं शेपूट कापते. इटालियन शब्द मात्र शेवटच्या स्वरापर्यंत सांभाळून न्यावा लागतो. 'बोंजोर्नो' म्हणजे नमस्कार. माझ्या तोंडून तो 'बोंजोर्न' असा लंगडत बाहेर पडे. शिवाय एखादं अक्षर लिहायचं आणि उच्चारायचं नाही, असला आतबट्ट्याचा कारभार.

वडिलांना माझी दया आली. "कवठ्याच्या हवालदाराकडं जा," ते म्हणाले. "त्यो इटलीत कैदी व्हता."

हवालदार आप्पा महायुद्धात वाळवंटात पकडले गेले होते. पुढं इटलीतल्या छावणीतून निसटले, तेव्हा डोंगरातल्या एका म्हातारीनं त्यांना हिवाळाभर गोठ्यात लपवलं. त्यांची सगळी भाषा त्या गोठ्यातली. मी रविवारी सायकल मारत कवठे येमाईला पोचलो, तेव्हा ते विहिरीवर मोट हाकत होते. हातातलं काम न सोडताच त्यांनी शाळा सुरू केली.

बैल उतारावरून निघाले की शब्द उचलायचा, आणि मोट वर येऊन रिकामी होईपर्यंत शेवटचा स्वर सोडायचा नाही. "मधीच सोडलास तर पानी परत हिरीत," आप्पा म्हणायचे. 'वाक्का' म्हणजे गाय. "क वर अड. बैल अडतो तसा. आन् मग सुट." 'फिल्यो' म्हणजे लेक. "पुस्तकातला ग गिळ आन् ओ ओक."

शेजारच्या रानात एक बाई खुरपत होती. दोन-तीन रविवार तिनं ऐकून घेतलं, मग बांधावर येऊन विचारलं, "आप्पा, पाव्हण्याला कशानं धरलंय?"

"इटलीनं," आप्पा म्हणाले.

परीक्षेला खुद्द इटालियन इंजिनियर बसला होता. टायवाला हळू, गोड आणि पुस्तकाबरहुकूम बोलला. मग माझी पाळी. मी 'बोंजोर्नो' उचललं आणि सवयीनं मोट रिकामी होईपर्यंत सोडलंच नाही. शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावत आत आला.

इटालियन साहेबानं काहीतरी विचारलं. मला ओ की ठो कळलं नाही, कारण आप्पांनी मला कधी काही विचारलंच नव्हतं. घाबरून होतं नव्हतं ते सगळं ओतलं: गाय पाणी प्याली का, पाव गरम आहे, गवतात लप, सैनिक येतायत. साहेब डोळे पुसत हसला. मग मोडक्या इंग्रजीत आमच्या साहेबाला म्हणाला, "यंत्रांच्या गोंगाटात तो पहिला कुणाला ऐकू जाणार? याला पाठवा."

मी उडतच कवठ्याला गेलो. आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते. बातमी ऐकून त्यांनी मला जवळ बसवलं आणि आणखी एक वाक्य शिकवलं. अगदी हलक्या आवाजात, घरात बोलावं तसं. मी ते पहिल्या झटक्यात बरोबर म्हटलं आणि अर्थ विचारला.

"आई, तुझा हिंदुस्थानी लेक घरी पोचला."

"म्हातारीचं गाव कुठलं, आप्पा?"

"गावाचं नाव तिनं कवा सांगितलंच न्हाई. मला धरला, मारला, तर माझ्या तोंडून जायला नगं म्हनून." त्यांनी उरलेली वैरण बैलापुढं सारली. "डोंगराकडची म्हातारी दिसली की तिला ह्ये सांगत जा."

इटलीत मी दर रविवारी बाजारात उभा राहायचो आणि डोंगरातून भाजी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते वाक्य सांगायचो. बहुतेकींनी मला वेड्यात काढलं. एकीनं मात्र टोपली खाली ठेवली, मी हातवारे करून सांगितलेली सगळी हकीकत ऐकली. तिच्या गावात कुणी हिंदुस्थानी कधी लपला नव्हता. तरी तिनं विचारलं, "नीट जेवतो ना तो?"

मी हो म्हणालो.